कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

नवऱ्याची दारू सोडवायला मागितलेल्या गोळ्या तुम्ही मला दिल्या नाहीत, त्याबद्दल हे पत्र. उघड लिहितेय, कारण हेच मागायला आणखी बायका येत असणार.

‘पिणाऱ्याला न कळता दारू सोडवा’ अशा जाहिराती एसटी स्टँडच्या भिंतींवर नेहमीच्या. नणंदेने चिठ्ठीवर गोळीचं नाव लिहून दिलं होतं, डायसल्फिराम. आमटीत कुस्करून घाल म्हणाली. तुम्ही डॉक्टरांचा कागद मागितलाच, पण त्याआधी विचारलंत, “त्यांना माहीत आहे का?”

मग गिऱ्हाइकं थांबवून समजावलंत. दारूचं शरीरात आधी ॲसिटाल्डिहाइड नावाचं विषारी द्रव्य होतं, मग पुढे त्याचा निचरा होतो. ही गोळी तो निचराच अडवते. चेहरा लाल, धडधड, उलट्या, रक्तदाब खाली. गोळी पोटात गेल्याचं ठाऊक नसलेला माणूस पिणारच, आणि हृदय अधू असलं तर जीवही जाईल. गोळी थांबवली तरी तिचा असर दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. डेन्मार्कच्या दोन संशोधकांनी जंतांचं औषध म्हणून ती स्वतःवरच करून पाहिली आणि दारू पिऊन आजारी पडले, हेही सांगितलंत. तशातही मला हसू आलं.

“मग आजपासून बाटलीच बंद करते,” म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, “तेही नको.” सकाळी घोट घेतल्याशिवाय ज्याचे हात थांबत नाहीत, त्याची दारू एकदम तोडली की झटके येऊ शकतात, दोन-तीन दिवसांत भ्रम होऊ शकतो. आमच्याकडे तर जो तो ‘खोलीत कोंडून घाल’ एवढंच सांगायचा!

तुमच्या सांगण्यावरून यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं, भरती केलं. तिसऱ्या रात्री यांना भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या. डॉक्टर तयारीत होते. शांत करणारी औषधं चालू होती, बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं आधीच दिलेली. घरी असतो तर आम्ही देवऋषी गाठला असता.

आता तीच गोळी हे सगळं माहीत असताना, माझ्यासमोर, रोज सकाळी स्वतः घेतात. डॉक्टरांच्या कागदावर, तुमच्याच दुकानातून. मध्ये एका लग्नाच्या आधी बंद केली होती, तेव्हा पुन्हा डॉक्टरांकडे जावं लागलं. खिसे मी अजून तपासते. ते मात्र यांना सांगू नका.

तुमची,
दुधाच्या डेअरीशेजारची वहिनी