सुयावाल्या ताईंना, त्या पितळी घंटेबद्दल

प्रिय ताई,

तुम्ही अ‍ॅक्युपंक्चर करता, म्हणजे अंगावरच्या ठरावीक जागी बारीक सुया लावता, म्हणून सांगलीतल्या बायका तुम्हाला ‘सुयावाल्या ताई’ म्हणतात, मीही तेच म्हणते. पाळी जायच्या वयात धडधड, हातापायांना मुंग्या आणि ‘आता काही मी वाचत नाही’ ही भीती घेऊन आलेल्या बायका आम्ही दवाखान्यातून तुमच्याकडे पाठवतो. परत आल्या की त्या सुयांबद्दल फारसं बोलत नाहीत. हातात दिलेल्या घंटेबद्दल बोलतात.

घंटा कशाला लागते हे ज्या सुया लावणाऱ्यांना कळलं नाही, त्यांच्याकडूनच यातल्या बऱ्याचजणी आलेल्या. दोन्ही मनगटांत सुया, दोन्ही घोट्यांजवळ सुया, दिवा बंद, दार ओढलेलं आणि ‘अर्धा तास हलायचं नाही’ सांगून माणूस बाहेर! पॅनिकच्या, म्हणजे अचानक भीतीचे झटके येणाऱ्या पेशंटला मोठं भय असतं ते अडकण्याचं. एसटीच्या मधल्या सीटवर तिला जे होतं, तेच टेबलावर घडवून आणायचं आणि वर ‘तुमचं मनच हळवं’ म्हणायचं. तुम्ही सुई डाव्याच मनगटाला लावता. उजवा हात मोकळा, त्यात देवघरातली असते तशी छोटी घंटा, दार अर्धं उघडं. पहिल्या दिवशी तर एकही सुई लावायच्या आधी ती वाजवून बघायला लावता. ती वाजवते, तुम्ही येता. झालं. नंतर बहुतेकजणी वाजवतच नाहीत. दोन्ही बाजू घ्यायची पद्धत आहे हे मान्य. पण घाबरून ताडकन उठलेल्या बाईच्या हातात सुया वाकतात, आणि वाकलेली सुई काढणं दोघींनाही जड जातं.

‘वयाचं आहे, होतं असं’ म्हणून वाटेला लावणारेही तिला भेटलेले असतात. वयाचं असेलही. गरम वाफ छातीतून मान-चेहऱ्यावर चढते, घाम फुटतो, मग हुडहुडी भरते. काही मिनिटांत सगळं ओसरतं. पण वाफेबरोबर धडधडलं, ते हार्ट अटॅकचं वाटलं, श्वास भराभर झाला, रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरला, की बोटं बधिरतात, डोकं हलकं होतं आणि भीती दुप्पट. वाफेनं पॅनिक पेटतं ते असं. तरी तुम्ही ईसीजी, थायरॉइड आणि हिमोग्लोबिनचे रिपोर्ट बघितल्याशिवाय सुईचं पाकीट फोडत नाही. धडधडीमागे थायरॉइड किंवा रक्त कमी असणंही असू शकतं, हे सांगावं लागू नये, सांगावं लागतं.

तुमचा हातही नेमका. ०.२५ मिमीची, एकदाच वापरायची सुई. मनगटाच्या घडीपासून पेशंटचीच तीन बोटं वर, दोन कंडरांच्या (स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्यांच्या) मधे. तिथं खाली मिडियन नर्व्ह, बोटांकडे जाणारी मोठी नस, आहे, म्हणून घाई नाही. जडपणा जाणवला तर ठीक, बोटांत करंट गेला तर सुई लगेच मागे. आणि संकष्टीला सुया नाहीत! उपाशीपोटी, त्यातून बसवून सुई लावली की चेहरा पांढरा, गार घाम, मळमळ. साधी भोवळ ती, पण पॅनिकवालीला तो मृत्यूच वाटतो आणि ती पुन्हा फिरकत नाही. म्हणून आधी पोटात काहीतरी, मग आडवं. तरी भोवळ आलीच तर सगळ्या सुया काढून पाय उंच.

गोळ्या बंद करायला तुम्ही कधीच सांगत नाही, याचे वेगळे आभार. अल्प्राझोलम, ही घबराटीवरची गोळी, एकदम सोडलं की काय होतं ते आम्ही निस्तरतो. गरम वाफांवरच्या चाचण्यांत खोट्या सुयांनीही खऱ्यांच्या जवळपास आराम पडलेला दिसतो. पॅनिकसाठी पहिला आधार समुपदेशन आणि मानसोपचाराच्या गोळ्यांचाच. हे तुम्ही पेशंटला तोंडावर सांगता, आणि तरीही ती तुमच्याकडे येते. सोलापूरच्या डॉ. कोटणीसांबरोबर १९३८ साली चीनला गेलेल्या डॉ. बसूंनी ही विद्या पुढे भारतात आणली. तिचा आब असा, कमी बोलून राखला जातो.

साधी माणुसकी महाग झालीय असं म्हणतात. मला तसं वाटत नाही. घंटा बाजारात काही फार महाग नाही. समोरची बाई कशाला घाबरते हे विचारायला मात्र पाच मिनिटं लागतात, आणि ती कुणी देत नाही.

एक सांगायचं राहिलं. तासगावच्या बेदाणा शेडमधल्या मावशी परवा म्हणाल्या, घंटेचा लोलक सैल झालाय, नुसता हात हलला तरी किणकिणतो, आणि तुम्ही प्रत्येक वेळी धावत येता. तेवढा घट्ट करून घ्या.

तुमची,
पेशंट पाठवणारी एक डॉक्टर