पोर्तोहून आई-बाबांना

पोर्तो, पोर्तुगाल

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार, वि. वि.

परिषदेचे कामकाज काल दुपारी आटोपले आणि संध्याकाळी आम्हा सर्वांना दोउरु नदीच्या पैलतीरी, गाया येथे, पोर्ट ही इथली गोड वाइन चाखण्यासाठी व जेवणासाठी नेण्यात आले. हे फोनवर सांगितले असते तर तुम्ही "बरं, बरं" म्हणून विषय बदलला असता आणि मग फोटो पाहून आत्याने ते तिच्या पद्धतीने तुमच्या कानावर घातले असते. त्यापेक्षा मीच सविस्तर लिहिलेले बरे.

गायाला नदीकाठी जाड भिंतींची, अंधारी आणि गार अशी लांबच लांब कोठारे आहेत. द्राक्षे मात्र तिथे पिकत नाहीत. ती नदीच्या वरच्या अंगाला, डोंगरउतारावर पायऱ्या बांधून केलेल्या मळ्यांत होतात आणि त्या प्रदेशाची हद्द १७५६ सालीच मार्केस द पोंबाल या मंत्र्याच्या कारकिर्दीत ठरवून दिलेली आहे. तिकडचा उन्हाळा कडक असल्यामुळे वाइन मुरवण्यासाठी समुद्राजवळच्या दमट, थंड हवेत आणण्याची रीत पडली. पूर्वी पिंपे राबेलो नावाच्या होड्यांतून येत. त्या होड्या आता शोभेपुरत्या काठाला बांधलेल्या असतात.

बाबा, पुढचा भाग खास तुमच्यासाठी. द्राक्षांच्या रसातली साखर यीस्ट खात असते आणि तिचे अल्कोहोल होत असते. ते काम अर्ध्यावर आले की त्यात सुमारे ७७ टक्के अल्कोहोल असलेले द्राक्षांचेच स्पिरिट ओततात. त्या तीव्रतेत यीस्ट मरते, उरलेली साखर तशीच राहते आणि म्हणून पोर्ट गोड असूनही तिच्यात अल्कोहोल जवळजवळ २० टक्के भरते. हे ऐकताना ॲलेम्बिक या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेतली तुमची नोकरी आठवली. ती कंपनीही १९०७ साली टिंक्चर आणि अल्कोहोल बनवण्यापासूनच सुरू झाली, हे तुम्हीच सांगत असता. तेव्हा १९६० पासून दारूबंदी असलेल्या गुजरातेत राहूनही अल्कोहोलची पहिली ओळख मला बाबांनीच करून दिली असे म्हटले, तर आईने रागावू नये.

आमच्यापुढे पांढरी, रुबी आणि टॉनी असे तीन पेले ठेवले होते, तेही जेमतेम तिसरा हिस्सा भरलेले. माहिती देणाऱ्या बाईंनी पेला पांढऱ्या कागदावर तिरपा धरून आधी कडेचा रंग पाहायला लावला, मग पेला फिरवून वास घ्यायला, आणि त्यानंतरच घोट. घोट गिळलाच पाहिजे असे नव्हते. थुंकण्यासाठी मेजावर भांडे होते आणि अनुभवी मंडळीच ते सर्वांत जास्त वापरत होती. रुबी मोठ्या टाक्यांत राहते, तिला हवा फारशी लागत नाही, म्हणून रंग लालभडक राहतो. टॉनी लहान लाकडी पिंपांत वर्षानुवर्षे मुरते, लाकडातून थोडी थोडी हवा आत जाते आणि लाली उतरून कडेला तांबूस-पिवळी झाक येते. तिला अक्रोडाचा आणि सुक्या अंजिराचा वास होता, आणि मला तीच आवडली. पांढरीने काही विशेष वाटले नाही, आणि रुबीच्या पहिल्या घोटाला तर थेट ॲलेम्बिकचे खोकल्याचे औषध, ग्लायकोडिन, आठवले. पण हे तिथे कुणाला समजावणार?

आई, जेवणाची काळजी तू करणार हे ठाऊक आहे. इतरांनी खारवलेला बाकल्याव मासा घेतला. मला बटाट्याचे, केल या पालेभाजीची पाने अगदी बारीक चिरून घातलेले काल्दु व्हेर्द नावाचे सूप सॉसेजच्या चकतीशिवाय करून दिले. सोबत मक्याचा पाव होता. सेरा द इश्त्रेला हे मेंढीच्या दुधाचे मऊ चीजही होते, आणि त्यासाठी दूध प्राण्याच्या जठरातून काढलेल्या रेनेटने नव्हे, तर एका काटेरी रानफुलाच्या तुऱ्यांचा अर्क घालून फाडतात, हे मी दोनदा विचारून खात्री करून घेतले. त्याबरोबर क्विन्स नावाच्या फळाची, साखरेत आटवलेली घट्ट वडी देतात. तीच मी तुमच्यासाठी घेतली आहे. बाटली अर्थातच घेतलेली नाही.

वडी आंबटगोड आहे आणि साखर भरपूर आहे, तेव्हा बाबांनी एका वेळी एकच तुकडा घ्यावा आणि डबा आईने आपल्या ताब्यात ठेवावा. कळावे, लोभ असावा.

तुमची,
धाकटी