गोमती, अर्धं पोतं तांदूळ आणि माझे मिस्त्री

तीर्थस्वरूप मिस्त्री,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमची नात तुम्हाला मोबाइलवरून वाचून दाखवेल. आता अक्षर लागत नाही तुम्हाला, हे तिनेच फोनवर सांगितलं. म्हटलं, चाळीस वर्षं जे तोंडाने बोलता आलं नाही ते लिहावं, आणि चारचौघांत लिहावं. डॉकमध्ये आयुष्य काढलेली इतर माणसंही वाचतील आणि त्यांना त्यांचे मिस्त्री आठवतील.

१९८१ साली मी मुंबईत माझगाव डॉकला, जहाजं बांधायच्या गोदीत, वेल्डर अप्रेंटिस लागलो. 'गोदावरी' ही युद्धनौका पाण्यात उतरून वर्ष झालं होतं आणि तिच्या पाठच्या दोन बहिणींचं, 'गंगा' आणि 'गोमती'चं काम चालू होतं. पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला आधीच्या 'नीलगिरी' युद्धनौकेची गोष्ट सांगितलीत. २३ ऑक्टोबर १९६८ ला इंदिराबाईंच्या हस्ते ती पाण्यात गेली तेव्हा तुम्ही गर्दीत टाचा उंच करून बघत होतात. तिचे नकाशे विलायतेचे होते. गोदावरीचे मात्र आपल्या नौदलाच्याच माणसांनी काढले, हे सांगताना तुमचा आवाज बदलायचा. इंजिन नीलगिरीच्याच जातीचं, तीस हजार अश्वशक्तीचं वाफेचं. जहाज मात्र लांबीरुंदीला मोठं, दोन सी किंग हेलिकॉप्टर पोटात घेणारं, आणि तरी सत्तावीस नॉटपर्यंत पळणारं. रशियन क्षेपणास्त्रं, पाश्चात्त्य यंत्रं आणि आपली स्वतःची उपकरणं एका जहाजावर एकत्र नांदवली होती. मला तेव्हा यातलं निम्मं कळत नव्हतं. तुम्ही सांगताय म्हणजे मोठं काहीतरी असणार, एवढंच कळायचं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. वडील गिरणीत होते. दोन महिन्यांत घरातली भांडी मोजकी राहिली. माझ्या स्टायपेंडवर पाच माणसं जगणं शक्य नव्हतं. कुर्ल्याच्या एका ग्रिलच्या कारखान्यात रोजावर काम मिळत होतं, म्हणून मी डॉकला जायचं सोडलं. कोणालाच सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही लालबागच्या आमच्या चाळीत आलात. तीन जिने चढून दम लागला होता. आईने पाणी दिलं, तुम्ही उंबऱ्यातच बसलात आणि वडिलांना म्हणालात, "पोराचा हात चांगला आहे. ग्रिलं करून तो हात फुकट जाईल. शिकणं तेवढं पुरं करू द्या." वडील काही बोलले नाहीत. पुढच्या रविवारी तुम्ही पुन्हा आलात ते खांद्यावर अर्धं पोतं उकडे तांदूळ घेऊन. गावाहून एस्टीने आलेले, तुमच्या घरचे. पाऊस सुरू होईपर्यंत आमच्या घरात तुमच्या शेतातला भात शिजत होता.

त्या तांदळाबद्दल तुम्ही खात्यात कुणाला एक अक्षर बोलला नाहीत. मीही नाही. आज बोलतो.

आणि त्याच पावसाळ्यातली ती गोष्ट. गोमतीच्या अंगाचा एक सांधा मी एकट्याने वेल्डिंग करून भरला होता. मोती ओवल्यासारखा एकसारखा आला होता आणि मी खुशीत होतो. तुम्ही बॅटरी मारून बघितलात, बोट फिरवलंत आणि एकच प्रश्न विचारलात, "रॉड कुठून घेतलेस?" वेल्डिंगचे रॉड कोरडे राहावेत म्हणून गरम पेटीत ठेवतात; त्यातून काढलेले रॉड मी जेवणाच्या सुट्टीत उघड्यावर ठेवून गेलो होतो आणि परत येऊन तेच जाळले होते. मुंबईच्या जुलैची हवा. तासाभरात रॉड ओल धरतो, ती ओल तापलेल्या लोखंडात शिरते, आणि वरून दिसत नाही अशी छिद्रं किंवा बारीक तडा आत राहून जातो. हे तुम्ही मला दहादा शिकवलं होतं. मी खरं सांगितलं. तुम्ही रागावला नाहीत. "ह्या पत्र्यापलीकडे खलाशांची झोपायची जागा आहे," एवढंच म्हणालात आणि ग्राइंडर मागवलात. पाळी सुटल्याचा भोंगा झाला, सगळे हात धुऊन गेले, आणि तुम्ही माझ्याबरोबर उकिडवे बसून राहिलात. अख्खा सांधा कोरून काढला. नव्याने भरताना, पत्रा वाकू नये म्हणून मधून सुरू करून दोन्ही अंगांना टप्प्याटप्प्याने जायचं, ते तुम्ही माझ्या मनगटाला धरून करवून घेतलंत. "डोळ्याने बघतोस तेवढंच कानाने ऐक. कढईत भजी एका लयीत तळली पाहिजेत." चार दिवसांनी एक्सरेची फिल्म उजेडावर धरलीत. सांध्यावर एकही काळा ठिपका नव्हता. ती तुम्ही माझ्या हातात दिलीत, स्वतःच्या नाही ठेवलीत.

मार्च १९८४ मध्ये गोमती पाण्यात गेली, १६ एप्रिल १९८८ ला नौदलात दाखल झाली. तुम्ही निवृत्त झाल्यावर मी पाणबुडीच्या कामावर गेलो. 'शाल्की' ७ फेब्रुवारी १९९२ ला नौदलात आली, आपल्या देशात बांधलेली पहिली पाणबुडी. तिथे पाण्याचा दाब सोसणाऱ्या हलवर, म्हणजे पाणबुडीच्या मुख्य कवचावर, एकेका सांध्याची परीक्षा. दर वेळी रॉड हातात घेताना मी आधी पेटीकडे बघायचो. सेवानिवृत्तीपर्यंत ती सवय गेली नाही. माझ्या हाताखाली जी पोरं शिकली, त्यांनाही मी पहिला प्रश्न तोच विचारत आलो.

२८ मे २०२२ ला गोमती निवृत्त झाली. नौदल गोदीत, सूर्यास्ताला, चौतीस वर्षांच्या सेवेनंतर झेंडा खाली आला. मी बातमी बघत होतो. मुलगा म्हणाला, "बाबा, रडताय काय?" त्याला काय सांगणार, की त्या पत्र्यात कुठेतरी तुमचा एक उशिरापर्यंत थांबलेला दिवस आहे.

आणि एक बातमी नातीने सांगितली नसेल तर मी सांगतो. १५ जानेवारी २०२५ ला पुन्हा एक 'नीलगिरी' नौदलात दाखल झाली, बरोबर 'सुरत' आणि पाणबुडी 'वागशीर'. तिन्ही आपल्याच माझगावच्या. आता जहाजाचे मोठाले भाग आतून पाइप-केबलसकट आधीच तयार करतात आणि मग एकमेकांना जोडतात. तुम्हाला बघायला आवडलं असतं. जोडायला वेल्डर लागतातच.

मिस्त्री, त्या दिवशी तुम्ही जिने चढला नसतात तर मी आज कुर्ल्यात ग्रिलं करत म्हातारा झालो असतो. त्यात कमीपणा नाही, पण एकाही जहाजाला माझा हात लागला नसता. वडिलांना जायच्या आधी एकदा गोमती लांबून दाखवली होती. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "तांदूळवाले मिस्त्री बरे आहेत ना?"

स्लॅग, म्हणजे वेल्डिंगवरची खपली, काढायची तुमची हातोडी, मूठ बदलून, अजून माझ्याकडे आहे. शिमग्याला गावी येतोय, तेव्हा घेऊन येतो. डोळ्यांना दिसली नाही तरी हाताला ओळखू येईल. काकींना माझा नमस्कार.

तुमचा,
गोमतीवरचा अप्रेंटिस