संचकार देण्याआधी कागद वाचणारा माणूस हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात पहिले घर घेणारे कुटुंब पैशापेक्षा कागदात जास्त अडकते. वर्षानुवर्षे पोट मारून साठवलेली रक्कम संचकार म्हणजे विसार म्हणून दलालाच्या हातात जाते आणि कन्नडमधले उतारे वाचून दाखवणारा माणूस त्यानंतर शोधला जातो. हा क्रम उलटा करायला वस्तीतच कुणीतरी बसलेले हवे. पहिल्या घरासाठी विनामूल्य मार्गदर्शन करणारे कार्यकर्ते म्हणून आम्ही हे काम करतो. गल्लोगल्लीच्या गणेश मंडळांनी, वाचनालयांनी आणि सहकारी संस्थांनी ते आपापल्या भागात सुरू करावे, यासाठी हा पत्रप्रपंच.

सर्वांत जास्त फसगत बाँडवरच्या प्लॉटमध्ये होते. शेताचे गुंठे पाडायचे, चुन्याच्या रेघा ओढायच्या, बाँडवर म्हणजे मुद्रांकाच्या कागदावर मजकूर लिहून नोटरीचा शिक्का घ्यायचा आणि ताबा दिला म्हणायचे. हा कागद म्हणजे खरेदीखत नव्हे. 100 रुपये वा त्याहून जास्त किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. वटमुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले आहे. बाँडवरच्या प्लॉटवर बँक कर्ज देत नाही, म्हणून घर बांधायला जास्त व्याजाचे पैसे उचलावे लागतात. मूळ मालक वारला की त्याचे वारस दारात उभे राहतात ते वेगळेच.

कर्नाटकात 2020 नंतर शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेता येते. दलाल हेच वाक्य पुढे करतात. पण शेतजमीन घेता येणे आणि तिच्यावर घर बांधता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दहा-बारा जणांनी मिळून एक एकर घेतली तर उताऱ्यावर सगळ्यांची नावे सामाईक लागतात. आपला तुकडा कोणता हे कागदावर कुठेच नसते. तो एकट्याला विकता येत नाही, तारण ठेवता येत नाही.

कागद पाहताना सुरुवात उताऱ्यापासून करावी. आरटीसी म्हणजे कर्नाटकातला शेतजमिनीचा उतारा. त्याच्या रकाना 9 मध्ये मालकाचे नाव असते आणि 11 मध्ये इतर हक्क व बोजा. कृषी पत्तीन म्हणजे गावच्या शेती पतसंस्थेच्या कर्जाचा बोजा फेडूनही वर्षानुवर्षे उतरवलेला नसतो. तो विक्रेत्यानेच, खरेदीआधी उतरवून द्यायचा. इनाम-वतनाची, नव्या शर्तीची किंवा अनुसूचित जाती-जमातींना सरकारने दिलेली जमीन असेल तर तिथेच थांबावे. शेवटच्या प्रकाराला 1978 चा कायदा लागू होतो. परवानगीशिवाय झालेला व्यवहार रद्द होऊन जमीन मूळ कुटुंबाकडे परत जाऊ शकते.

मग बिनशेती आदेश आणि लेआउटचा मंजूर नकाशा. आदेशावरचा सर्व्हे नंबर व हिस्सा प्लॉटच्या कागदाशी अक्षरश: जुळला पाहिजे. शेजारच्या हिश्श्याचा आदेश दाखवून भलताच हिस्सा विकला जातो. मंजूर नकाशावर आपल्या प्लॉटच्या जागी बाग किंवा खुली जागा तर नाही ना, हे बोट ठेवून पाहावे. ग्रामपंचायत हद्दीत ई-स्वत्तू या ऑनलाइन मिळकत नोंदीचे नमुना 9 व 11-अ हवेत, शहरात ई-आस्ती या तशाच नोंदीचे ई-खाते. 11-ब किंवा बी-खाते हे कर वसुलीपुरते असते आणि बहुतेक बँका त्यावर गृहकर्ज देत नाहीत. घरपट्टीची पावती, हेस्कॉमचे वीजबिल, नळाचे कनेक्शन यांपैकी काहीही मालकीचा पुरावा नाही, हे आम्हाला रोज सांगावे लागते. जुन्या गावभागात सीटीएस म्हणजे सिटी सर्व्हेचा उताराही काढावा. कॅम्पातले घर असेल तर जमीन कोणत्या हक्काने धरली आहे ते आधी पाहावे, कारण छावणी हद्दीतल्या अनेक घरांखालची जमीन सरकारची असते.

बोजा प्रमाणपत्र म्हणजे ईसी नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवरून किंवा उपनिबंधक कार्यालयातून मिळते. किमान 30 वर्षांचे काढावे. व्यवहार असतील तर नमुना 15, नसतील तर नमुना 16. मात्र ईसी कोरी आली म्हणून निश्चिंत होऊ नये. तिच्यात फक्त नोंदणी झालेले दस्त दिसतात. बाँडवरची आधीची विक्री, तोंडी वाटणी किंवा कोर्टात चालू असलेला दावा तिच्यात दिसेलच असे नाही. म्हणून ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर विक्रेत्याच्या आणि त्याच्या भावांच्या नावाने दावे शोधावेत.

बहिणींच्या सह्या हा सीमाभागातला खास गुंता आहे. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा वाटा मुलांइतकाच. इथल्या लेकी चंदगड, गडहिंग्लज, आजऱ्याला दिलेल्या असतात आणि भाऊ सांगतो, ‘त्यांचे काही म्हणणे नाही.’ म्हणणे नसेल तर ते नोंदणीकृत हक्कसोडपत्रात यावे, किंवा खरेदीखतावर त्यांची सही असावी. प्रत्यक्ष येता येत नसेल तर ज्या मुखत्यारपत्रावर दस्त नोंदणीला दाखल करायचा, ते त्या राहतात तिथल्या उपनिबंधकासमोर करून प्रमाणित करून घ्यावे लागते. नुसती नोटरी त्याला चालत नाही.

नावाची गोष्ट किरकोळ वाटते, पण तिच्यापायी नोंदणीच्या दिवशी लोक परत फिरतात. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव आधारवर मराठी वळणाने डी-एन-वाय असे इंग्रजीत लिहिलेले असते, तर कन्नड खात्यावरून इंग्रजीत जाताना ते जे-एन-ए होते. संगणकाला हे दोन वेगळे इसम वाटतात. आधार, पॅन, खाते आणि बँक पासबुक एकमेकांशेजारी ठेवून एकेक अक्षर ताडावे, आणि दुरुस्ती संचकारपत्र होण्याआधी करून घ्यावी.

जागेवर टेप नेल्याशिवाय व्यवहार करू नये. 30 बाय 40 चा प्लॉट असेल तर दोन्ही कर्ण बरोबर 50 फूट भरले पाहिजेत. एक 50 आणि दुसरा 48 भरला तर दगड हललेला आहे किंवा प्लॉट तिरका आहे, आणि बांधकामाच्या वेळी शेजाऱ्याशी तंटा ठरलेला. वडगाव, शहापूर, येळ्ळूर शिवाराच्या बाजूला प्लॉट पाहायचा तर जुलै-ऑगस्टमध्ये पाहावा. बळ्ळारी नाल्याचे पाणी कुठपर्यंत चढते ते उन्हाळ्यात कळत नाही.

आता पैशाचे. 20 लाखांचे घर म्हटले की दोन लाख हातात असले की झाले, असा समज आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 30 लाखांपर्यंतच्या कर्जात बँक किमतीच्या जास्तीत जास्त 90 टक्के देऊ शकते, म्हणजे 18 लाख. पण किंमत बँकेच्या मूल्यांककाने ठरवलेली धरतात आणि ती अनेकदा बोललेल्या भावापेक्षा कमी निघते. शिवाय मुद्रांक व नोंदणीचा खर्च त्यात धरत नाहीत. शहर हद्दीत जुन्या घराला किंवा प्लॉटला मुद्रांक शुल्क अधिभारांसह 5.6 टक्के आणि ऑगस्ट 2025 अखेरपासून नोंदणी शुल्क 2 टक्के. 20 लाखांवर हे 1,52,000 रुपये झाले. सरकारी मार्गदर्शक दर जास्त असेल तर शुल्क त्या दराने. कोल्हापूरचे पाहुणे सांगतात की बायकोच्या नावावर घेतले की एक टक्का सूट मिळते. ती महाराष्ट्रात मिळते, इथे नाही. वकील, मूल्यांकन, बँकेची फी धरून चार लाख हाताशी हवेत. तेवढे नसले की उरलेली रक्कम सोने गहाण ठेवून किंवा सोसायटीच्या चढ्या व्याजाच्या कर्जातून उभी होते. 18 लाखांचा 20 वर्षांचा हप्ता साडेआठ टक्क्यांनी सुमारे 15,600 रुपये, आणि त्याच्या डोक्यावर हा दुसरा हप्ता. घर जाते ते बहुधा या दुसऱ्या हप्त्यामुळे.

म्हणून तयारी तीन वर्षे आधी सुरू करावी. रोज 350 रुपयांची पिग्मी खंड न पाडता भरली तर तीन वर्षांत व्याज सोडून 3,83,250 रुपये होतात. पण ती ठेव विमा असलेल्या बँकेत ठेवावी. पाच लाखांपर्यंतचा ठेव विमा सहकारी बँकांना आहे, क्रेडिट सोसायट्यांना नाही. एक-दोन टक्के जादा व्याजासाठी घराचा पैसा विम्याबाहेर ठेवू नये, हे आमचे ठाम मत आहे.

प्रधानमंत्री आवास योजना शहरी 2.0 मध्ये व्याज अनुदान घटकाचा उपयोग अशा कुटुंबांना होतो. वार्षिक उत्पन्न 9 लाखांपर्यंत, घराची किंमत 35 लाखांपर्यंत, कर्ज 25 लाखांपर्यंत आणि ते 1 सप्टेंबर 2024 नंतर मंजूर होऊन उचललेले. पहिल्या 8 लाखांवर 4 टक्के अनुदान, जास्तीत जास्त 1.80 लाख, तेही पाच वार्षिक हप्त्यांत. भारतात कुठेही कुटुंबाच्या नावावर पक्के घर नसावे. इथे कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुले. घर स्त्रीच्या नावावर किंवा तिच्या नावासह असावे लागते, आणि गाडी अडते ती इथेच. तिच्या नावावर मायक्रोफायनान्सचे गटकर्ज असते, एखादा हप्ता थकलेला असतो, आणि तो पत अहवालात दिसतो. चारही पत माहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. अर्जाच्या वर्षभर आधी नवरा-बायको दोघांचेही अहवाल काढावेत. फेडलेले कर्ज चालू दिसत असेल तर तक्रार करावी. 30 दिवसांत निकाल लागला नाही तर त्यापुढे दिवसाला 100 रुपये भरपाईचा नियम आहे. उद्यमबागच्या फौंड्रीत रोखीने पगार घेणाऱ्याने आणि वडगावच्या मागवाल्याने पैसे बँक खात्यातून फिरवायला आणि विवरणपत्र भरायला दोन-तीन वर्षे आधी लागावे. उत्पन्न आहे पण ते कागदावर नाही, या एका कारणाने किती तरी चांगले अर्ज परत जातात.

असे केंद्र चालवायला खर्च फारसा नाही. कन्नड आणि मराठी दोन्ही वाचणारा एक जण, एक निवृत्त बँक कर्मचारी, जमीन मोजणीतला एक जाणकार आणि महिन्यातून एकदा येणारा वकील, एवढ्यावर भागते. मात्र पथ्ये कडक हवीत. बिल्डर किंवा दलालाकडून देणगी, जाहिरात, गणपतीची वर्गणीसुद्धा घ्यायची नाही. कुणाचे मूळ कागद ठेवून घ्यायचे नाहीत, कुणाच्या पैशाला हात लावायचा नाही. कागद नीट नसतील तर ‘घेऊ नका’ असे तोंडावर सांगायचे, मग विक्रेता आपल्याच गल्लीतला असो. बँकेचा वकील कागद तपासतोच, असे लोक म्हणतात. तो बँकेच्या कर्जापुरते पाहतो, आणि तोही संचकार गेल्यानंतर.

प्रशासनाकडे एक मागणी. प्रत्येक ग्रामपंचायतीने आणि बुडाने म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाने आपल्या हद्दीतल्या मंजूर लेआउटची यादी सर्व्हे नंबर, हिस्सा आणि आदेशाच्या तारखेसह कन्नड आणि मराठीत फलकावर लावावी, आणि दर तिमाहीला ती नवी करावी.

आपले,
पहिल्या घरासाठी मार्गदर्शन करणारे कार्यकर्ते,
बेळगाव