आर्यभटाने जे सांगितले, ते तरी नीट सांगूया

महोदय,

माझी मुलगी सातवीत आहे. तिच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात एका तक्त्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते : ‘पृथ्वी सूर्याभोवती फिरते, हे आर्यभटाने कोपर्निकसच्या हजार वर्षे आधी सांगितले.’ हेच वाक्य भाषणांत ऐकू येते, मोबाइलवरही फिरत असते. ते चूक आहे. आर्यभटाच्या गणितात ग्रह आणि सूर्य पृथ्वीभोवतीच फिरतात. त्याने सांगितले ते वेगळेच : पृथ्वी स्वतःभोवती फिरते. माझ्या मते ते इतके मोठे आहे की त्याला ठिगळ जोडण्याची गरजच नाही.

इ.स. ४९९ च्या सुमाराचा ‘आर्यभटीय’ ग्रंथ, लिहिणारा तेवीस वर्षांचा. तो म्हणतो, नावेतून पुढे जाणाऱ्याला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसे स्थिर तारे आपल्याला पश्चिमेकडे जाताना दिसतात. मागच्या दिवाळीत मुलीला घेऊन हरिपूरच्या संगमावर नावेत बसलो होतो. नाव हलली आणि ती फळीला घट्ट धरून म्हणाली, “बाबा, घाट चालला!” तो श्लोक मला तिथे खऱ्या अर्थाने कळला.

आणि हा नुसता दाखला नव्हता, त्यामागे हिशेब होता. ४३,२०,००० वर्षांच्या महायुगात पृथ्वीचे १,५८,२२,३७,५०० फेरे होतात, असे त्याने दिले आहे. दिवस धरले आहेत १,५७,७९,१७,५००. वजाबाकी करून पाहा, बरोबर ४३,२०,००० उरतात. म्हणजे वर्षाच्या दिवसांपेक्षा पृथ्वीचा एक फेरा जास्त. त्यावरून एका फेऱ्याला २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंद लागतात, आणि आजचे मापही तेच आहे. एप्रिलमध्ये आम्ही गच्चीवर एकाच जागी उभे राहून व्याधाचा तारा शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीआड कधी जातो ते टिपले. पहिल्या रात्री ९ वाजून १० मिनिटे, आठवड्याने ८ वाजून ४२. रोजची चार मिनिटे! मुलीने ती वहीत स्वतः मांडली.

तक्त्यावर न आलेली आणखी एक गोष्ट आहे. आर्यभटाला विरोध झाला तो इथल्याच थोर ज्योतिर्विदांकडून. वराहमिहिराने विचारले, पृथ्वी फिरत असेल तर पक्षी घरट्यात परत कसे येतात? ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये विचारले, मग उंच वस्तू कोसळत का नाहीत? प्रश्न बिनतोड होते. धावत्या एसटीत वर उडवलेला चेंडू हातातच का पडतो, हे त्या काळी कुणालाच सांगता येत नव्हते. पुढे तर ‘प्राणेनैति कलां भूः’, म्हणजे एका श्वासात पृथ्वी एक कला (अंशाचा साठावा भाग) फिरते, यातल्या ‘भूः’ऐवजी ‘भं’, म्हणजे तारांगण, असा पाठभेद आला. एक अक्षर बदलले आणि पृथ्वी थांबली. तो श्वास चार सेकंदांचा. तेवढ्यात आपली सांगली पूर्वेकडे सुमारे पावणेदोन किलोमीटर सरकलेली असते.

सूर्याभोवती ग्रह फिरवायचे असतील, तर केरळच्या नीलकंठ सोमयाजीचे नाव घ्यावे. १५०० च्या सुमारास त्याने बुध-शुक्रासकट पाचही ग्रह सूर्याभोवती आणि सूर्य पृथ्वीभोवती, अशी मांडणी केली. तीही कोपर्निकसची मांडणी नव्हे, पण ती त्याची स्वतःची आहे.

मी प्रदर्शनातल्या शिक्षकांना हे सांगितले तेव्हा उत्तर मिळाले, “चांगलेच लिहिले आहे ना, राहू द्या.” म्हणून हे पत्र. आपल्या बालपुरवणीत तो नावेचा श्लोक अर्थासह छापावा आणि शेजारी टाकीआडच्या ताऱ्याचा प्रयोग द्यावा, ही विनंती. वही, घड्याळ आणि आठवडाभर निरभ्र आकाश एवढेच लागते. पावसाळ्याच्या आत छापलात तर मुलांना लगेच करता येईल.

– एक पालक, सांगली