सांगोल्याच्या गुरुजींना जाहीर आभाराचे पत्र

आदरणीय गुरुजी,
स. न. वि. वि.

आपले नाव मी या पत्रात घेणार नाही, कारण ते आपल्याला रुचणार नाही. परंतु सांगोला तालुक्यात शेतकरी कामगार पक्षाच्या (शेकाप) लाल बावट्याखाली उमेदीची वर्षे घालवून ज्या मोजक्या मंडळींनी पक्षाचे जुने कागद जिवापाड जपले, त्यांना हे पत्र कोणासाठी आहे ते लगेच कळेल. याच पक्षाचे सांगोल्याचे आमदार भाई गणपतराव देशमुख, म्हणजेच आबासाहेब, यांच्या राजकीय कारकिर्दीवरचा माझा प्रबंध नुकताच विद्यापीठात सादर झाला. त्यातील ऋणनिर्देशात आपला उल्लेख आहे, पण त्या दोन ओळींनी माझे समाधान झालेले नाही.

आपल्या दारी येण्यापूर्वी मी अनेक दारे पाहिली होती. एका ग्रंथालयात अधिवेशनांचे जुने वृत्तान्त मागितले, तेव्हा मला आज नाही, उद्या या, एवढेच उत्तर पुनःपुन्हा मिळाले. एका पुढाऱ्याच्या कार्यालयात प्रबंधाच्या विषयाआधी माझे आडनाव विचारले गेले आणि ते ऐकताच मी कोणाच्या बाजूने लिहिणार हे परस्पर ठरवून मोकळेही झाले. आबासाहेबांच्या साधेपणावर मात्र प्रत्येक जण भरभरून बोलत होता. त्यांच्या एस.टी.च्या प्रवासाच्या गोष्टी मला इतक्या वेळा ऐकवल्या गेल्या, की अकरा वेळा निवडून आलेल्या या माणसाने विधानसभेत नेमके काय केले, हे सांगायला कोणाला सवडच उरली नसावी.

आपण मला आडनाव विचारले नाही. कपाटातून कागदांचा गठ्ठा काढलात, दोरी सोडलीत, तळाशी असलेली १९९५ च्या निकालाची कात्रणे उपसून सगळ्यात वर ठेवलीत आणि म्हणालात, “आधी हे वाचा, मग बाकीचं.” ज्या निवडणुकीत आपल्या नेत्याचा दोनशेहूनही कमी मतांनी पराभव झाला, ती निवडणूक आयुष्यभर त्याच पक्षाचे काम केलेल्या कार्यकर्त्याने परक्या माणसासमोर आपण होऊन आधी ठेवावी, याचे मला तेव्हा नवल वाटले होते आणि आजही वाटते. कागद घरी न्यायची परवानगी दिलीत, त्याची कसली पोचपावती घेतली नाहीत, याबद्दलही मी ऋणी आहेच, पण मनात घर करून राहिले ते कात्रणे वर ठेवणारे आपले हात.

त्या एका कृतीने माझ्या प्रबंधाची मांडणीच ठरली. १९६२ ते २०१४ एवढा विजयांचा पट सरळ ओळीत मांडला, की कारकीर्द देवदत्त वाटू लागते आणि तिच्यामागचे कष्ट दिसेनासे होतात. १९७२ चा पराभव आणि १९७४ च्या पोटनिवडणुकीतले पुनरागमन, १९९५ चा पराभव आणि १९९९ चा विजय, हे शेजारी शेजारी ठेवून पाहिल्यावर पराभवानंतरच्या काळात हा माणूस काय करत होता, हा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर मला आपल्या गठ्ठ्यात सापडले. ज्या तालुक्यात कापूस पिकत नाही, तिथे सहकारी सूतगिरणी उभी करून ती नीट चालवणे, कृष्णेचे पाणी टेंभू आणि म्हैसाळ योजनांतून दुष्काळी तालुक्यांत यावे म्हणून स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींच्या सोबतीने आटपाडीच्या पाणी परिषदांत वर्षानुवर्षे तोच ठराव मांडत राहणे, असे ते नीरस आणि चिवट काम होते. १९७८ च्या शरद पवारांच्या पुरोगामी लोकशाही दल (पुलोद) सरकारातले आणि १९९९ नंतरचे मंत्रिपद यांपेक्षा मला हेच काम मोठे वाटते.

आपल्याशी माझा एका मुद्द्यावर मतभेद झाला, आणि तोही आपण मोकळेपणाने ऐकून घेतलात. एकाच पक्षात राहिल्याबद्दल आबासाहेबांचे जे कौतुक होते ते सार्थच आहे. ज्यांनी झेंडे बदलण्यात कारकीर्द काढली, अशांनीही श्रद्धांजलीच्या भाषणांत ते मनसोक्त केले, ही गंमत निराळी. परंतु १९६७ साली विधानसभेत १९ आमदार असलेला शेतकरी कामगार पक्ष २०१४ मध्ये तिघांवर का आला, हे विचारल्याशिवाय ती निष्ठा पुरती समजत नाही. सहकारी संस्था आणि साखर कारखाने काँग्रेसच्या हाती गेले, पक्षाचे अनेक नेतेही तिकडेच गेले, आणि रायगड, सांगोला अशा ठिकाणी जे उरले ते पक्षापेक्षा त्या त्या माणसाच्या भरवशावर टिकले, असे माझे मत आहे. २०१९ मध्ये आबासाहेब स्वतः उभे राहिले नाहीत, तेव्हा त्यांच्या नातवाचा हजाराहून कमी मतांनी झालेला पराभव मी पक्षाच्या घसरणीच्याच प्रकरणात घेतला आहे. आपण हे मान्य केले नाहीत, पण “लिहा तुम्ही, तुमचं पुस्तक आहे” असे म्हणालात. पक्षाच्या माणसाकडून एवढे स्वातंत्र्य मिळते, हे मी त्याआधी अनुभवले नव्हते.

३० जुलै २०२१ रोजी आबासाहेब गेले, तेव्हा वर्तमानपत्रांनी एका युगाचा अंत झाल्याचे लिहिले. मला त्यांना प्रत्यक्ष भेटण्याचा योग आला नाही. पण त्यांच्या सोबत काम केलेली माणसे कशी घडली, हे आपल्या ओसरीवर बसून पाहता आले, आणि नेत्याची पारख त्याच्या कार्यकर्त्यांवरून करावी असे मला मनापासून वाटते.

गठ्ठा आपल्या पुतण्याच्या हाती सुखरूप पाठवला आहे. कात्रणांच्या झेरॉक्स काढल्या आहेत, कारण १९७४ च्या वृत्तपत्रांचा कागद आता घडीवर तुटू लागला आहे. मूळ कात्रणे यापुढे दोरीने बांधू नयेत, एवढी विनंती. प्रबंधाची एक प्रत सोबत आहे. शेकापच्या घसरणीचे पाचवे प्रकरण आपण पेन्सिल हाती घेऊन वाचावे आणि जे पटणार नाही त्याच्या समासात खुशाल लिहावे. पुस्तक छापायला जाण्यापूर्वी ती प्रत मी स्वतः न्यायला येईन.

आपली कृतज्ञ,
एक विद्यार्थिनी