दुसऱ्या घावाचं काय?

महोदय,

मित्राचा जीव वाचवताना हातून माणूस मेला तर तो गुन्हा कसा, असा सवाल आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीतील लेखात होता. सत्र न्यायालयात तीस वर्षे लघुलेखक होतो, जबान्या टिपण्यात हात झिजले, म्हणून लिहितो.

कायद्याला मित्र ठाऊकच नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम ३५ (जुन्या दंड संहितेचे ९७) स्वतःच्या जोडीने दुसऱ्या कोणाचेही शरीर वाचवण्याचा हक्क देते. त्यात अनोळखी वाटसरूही आला. मरणाची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती असेल, तर कलम ३८ प्रमाणे हा हक्क हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत जातो. तेव्हा मैत्रीच्या नावाने वेगळी सूट मागायचे कारणच नाही. पण भीती सरली की हक्कही सरतो, आणि लेखकाची गाडी नेमकी इथे घसरली आहे.

त्यांनी अर्जुनाचा दाखला दिला, पण अर्धाच. महाभारताच्या युद्धात कौरवांकडच्या भूरिश्रवाने अर्जुनाचा मित्र सात्यकी याला पाडून तलवार उगारली, तेव्हा अर्जुनाने दुरून बाण सोडून त्याचा हात तोडला. सात्यकी वाचला. पुढे भूरिश्रवा शस्त्र टाकून प्रायोपवेशनाला (मरेपर्यंतच्या उपोषणाला) बसला आणि सगळे नको नको म्हणत असताना सात्यकीने त्याचे शिर उडवले. पहिल्या कृत्यावर वाद घालता येतो (भूरिश्रवाने घातलाही). मला ते योग्यच वाटते. दुसऱ्या कृत्याला बचाव कसे म्हणायचे?

असाच एक खटला मी टिपला होता. मित्रावर सुरा उगारलेल्याच्या मनगटावर आरोपीने लोखंडी नळी हाणली. सुरा पडला, माणूसही पडला. मग डोक्यात आणखी दोन. तो गेला. कोर्टाने खून मानला नाही; बचावाची मर्यादा ओलांडली म्हणून सदोष मनुष्यवध धरला. मला तो निकाल पटला. ऐन झटापटीत कोणी तराजू घेऊन उभा नसतो, हे न्यायालयेही मानतात.

न्यायाधीशांनी आरोपीला विचारले होते, ''सुरा पडलेला दिसला होता का?''

बराच वेळ तो गप्प होता. माझी पेन्सिल कागदावर टेकलेली. मग म्हणाला, ''दिसला होता, साहेब.''

वकिलांनी कपाळाला हात लावला. मी शब्द होता तसा उतरवला.

आपला,
एक निवृत्त लघुलेखक